बरणीतला समुद्र

काकाजीच्या गच्चीवर काचेच्या लोणच्याच्या बरण्या ओळीनं मांडून होत्या, अन् एकीतबी लोणचं नव्हतं. चिखल होता. कोण्या तलावाचा, कोण्या नाल्याचा, कोण्या बंद पडल्या विहिरीचा. त्यात ते एक अंडं फोडून टाकत, पेपरच्या चिंध्या टाकत, वरून पाणी, अन् झाकण घट्ट लावून उन्हात ठेवून देत. महिन्या-दोन महिन्यानं त्या चिखलाले रंग चढे. वर हिरवा, त्याच्या खाली जांभळा, मंग शेंदरासारखा, अन् बुडाले काळाशार. कोणं रंग टाकला नाही, कोणं हात लावला नाही, आपोआप. म्या पयल्यांदा पाह्यलं तवा पोटावरून पदर घेतला, कारण माही पोरगी तवा पोटात होती, अन् मले वाटलं हे करणीचं काम हाये.

आता काकाजी नाहीत. घर विकलं गेलं, बरण्या कबाड्यानं नेल्या. एक माह्यापाशी हाये, तिचंच सांगाचं हाये, पण आंधी काकाजीचं सांगा लागते, नाही तर बरणीचं काहीच समजत नाही.

राजापेठेत क्लासवाल्या पोट्ट्यायची मेस होती, तथी आमचे हे स्वयंपाक करत. म्हणून जवळपास खोली पाहून राहिलो होतो. काकाजी खाली एकटे राहत, वरची एक खोली अन् गच्ची भाड्यानं देत. दुसरे घरमालक पयले विचारतात मटण करता का, पाव्हणे किती येतात. काकाजीनं विचारलं, "बरण्या हलवसान का?"

हे म्हणे, "नाही हलवत."

"मंग राहा."

झालं. तेवढंच.

मी बार्शीटाकळीच्या बाजूच्या खेड्यातली. आमच्या घरी शेवंतीचा अन् झेंडूचा मळा. आठवीलोक शिकली, मंग शाळा सुटली, मंग लग्न झालं. मले लहानपणापासून भेव लागते. गॅसचा, कुत्र्याचा, पोरीच्या घशात काही अडकन त्याचा. गच्चीवर कपडे वाळू घालाले जावो तर त्या बरण्याकडून तोंड फिरवून जावो. काकाजीनं एक दिवस पाह्यलं.

"काहून वं, तिकडं काहून नाही पाहत?"

"भेव लागते काकाजी."

"कशाचं?"

"मालूम नाही."

"मंग आंधी पाह्य. पाहून भेजो. न पाहता भेलीस तर किती भेवाचं ते समजतच नाही."

हे त्यायचं नेहमीचं होतं. आंधी पाह्य, मंग भेजो. पाल निघाली तरी तेच, शेजारच्या पोराचे परीक्षेचे पेपर आले तरी तेच, नळाले गढूळ पाणी आलं तरी गिलास उजेडात धरून तेच.

त्यायनं सारी जिंदगी जहाजावर काढली. समुद्राच्या तळातला गाळ काढाचा अन् तपासाचा, ती नोकरी. वऱ्हाडातला माणूस, शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बगीच्यात वाढलेला, अन् गेला तो एकदम समुद्रात. अन् पोहता येत नव्हतं. मले कितीतरी दिवस खरंच वाटलं नाही.

"पोहता न येता समुद्रात कसे गेले काकाजी?"

"जहाजाले येत होतं नं बाई."

हर खेपेले पयल्या दिवशी त्यायले उलट्या होत, असं तेच सांगत. संगं ज्वारीचं पीठ नेत, जहाजावरच्या स्वयंपाक्याले भाकर थापाले शिकवत. म्हणे अर्धे स्वयंपाकी माह्यामुळं बिघडले.

चौकात गोटी सोड्याची गाडी होती. काकाजी सोडा घेत अन् पेतच नसत. बाटली डोळ्यापाशी धरून बुडबुडे पाहत बसत, शेवटचा बुडबुडा जातलोक. गाडीवाला म्हणे, "काकाजी, सोडा पेता का पाहता?" काकाजी म्हणत, "पाहून झालं का पेतो." मंग तो बिनबुडबुड्याचा सोडा पेऊन टाकत. मले एकदा तथीच सांगतलं का समुद्राच्या तळाखाली गॅस अशीच कोंडून राह्यते, वरच्या पाण्याचं वजन अन् थंडी तिले दाबून धरते, इतकी दाबते का तिचा बर्फ होते. तो बर्फ त्यायनं हातात घेतला होता. वर आणला का चुरचुर करते, कुरोड्या तेलात टाकल्यासारखा. अन् काडी लावली का पेटते.

"बर्फ पेटते?"

"पेटते. खाली पाणी टिपकते, वरतून जळते."

"मंग हात गारठला का भाजला?"

"आंधी गारठला, मंग भाजला," काकाजी म्हणे, अन् तळहात दाखवला, जसं काई अजून तथी डाग असन.

टाकीच्या सावलीत एक बरणी वेगळी होती. तिच्यावर बारदाना ओला करून टाकत. उन्हाळ्यात दिवसभर बारदान्यावर पाणी, अन् आमच्या नळाले धार नाही. त्या बरणीले रंगबी चढे नाही. नुसता करड्या-काळ्या रंगाचा गाळ, वर बोटभर पाणी. ती समुद्राची. जिथून गॅस निघते त्या जागची. नोकरी सुटली तवा तेवढीच संगं आणली, अन् तवापासून कधी उघडली नाही. म्हणे आतले जीव हवेनं मरतात.

अन् आमच्या याइले जहाजावर काकाजीनंच लावलं. मेस बंद पडली, पोरगी जेमतेम बसाले लागली होती, काकाजीनं कोणाले तरी फोन केला अन् हे स्वयंपाकी म्हणून गेले. तशाच जहाजावर, आंध्राच्या बाजूच्या समुद्रात, जे गाळ काढते अन् गॅस कुठून निघते ते पाह्यते. मी जाऊ नका म्हटलं नाही. म्हणाले पायजे होतं का नाही ते मले आजबी समजत नाही.

मंग मोबाइलवर तो व्हिडिओ आला. समुद्र दुधासारखा उकळून राहिला, मधात एक जहाज, अन् ते जहाज सरळ खाली गेलं, दगडासारखं, कलंडलंबी नाही. वरून बाई बोलून राहिली होती का तळातून गॅस निघते, पाणी पोकळ होते, मंग त्यावर जहाज टिकत नाही. मी पोरीले कडेवर घेतलं अन् जशी होती तशी खाली धावली, हातात सराटा, सराट्यावर पिठलं.

"काकाजी, तुमीच लावलं याइले तथी."

"हो, म्याच लावलं."

"गॅसनं जहाज बुडते का?"

दुसरा कोणी असता तर म्हणता, नाही बेटा, जाय, झोप. काकाजीनं चष्मा लावला, व्हिडिओ पाह्यला, पुन्हा पाह्यला. म्हणे, "हे खरं नाही. कोणं तरी बनवेल चित्र हाये."

"म्हणजे बुडत नाही."

"म्या पाह्यलं नाही कधी. माह्या वयखीतल्या कोण्या जहाजाचं आयकलंबी नाही. पण कधीच बुडणार नाही असं मी कसं सांगू? मी का देव हावो?"

मले रडू आलं. माह्याकडं पाहून पोरगीबी रडाले लागली. काकाजी उठले, कोपऱ्यातली काळी छत्री घेतली, एक बांबू घेतला, प्लास्टिकची एक रिकामी बाटली अन् रॉकेल भराचं नरसाळं. म्हणे, "चाल. आटो बलाव."

बाहेर ऊन, छत्री मी पोरीवर धरली. वडाळीच्या तलावावर गेलो. काकाजी धोतर खोचून पाण्यात उतरले, कंबरेलोकबी नाही, अन् बाटलीत पाणी भरून, तिच्या तोंडाले नरसाळं लावून, उलटी पाण्यात धरली. मंग बांबूनं खालचा गाळ खुपसला. बुडबुड, बुडबुड, गाळातून बुडबुडे सुटले अन् नरसाळ्यात शिरले, अन् बाटलीतलं पाणी उतराले लागलं. सडल्या अंड्याचा वास आला. दोन कॉलेजचे पोट्टे काठावर उभे राहून हासून राहिले होते. एक म्हणे, "काकाजी, मासोया धरता का?" काकाजी म्हणे, "मासोयाचं कायले? मासोया काहून मरतात ते धरून राहिलो."

बाटलीले अंगठा लावून वर आले. मले म्हणे छत्री आडवी धर, उन्हात दिसत नाही. पोरीले त्या पोट्ट्यायपाशी देलं, आमी दोघं छत्रीच्या सावलीत वाकलो. त्यायनं अंगठा काढला अन् काडी लावली. फुस्स झालं. अन् बाटलीच्या तोंडावर एक ज्योत, निळी, इतकी पातळ का हाये का नाही तेच समजे ना. माह्या घरच्या शेगडीसारखी. चिखलातून निघालेली. मी शेगडीले भेवो, पण त्या ज्योतीकडं मी पापणी न लवता पाहत राह्यली.

"वास ज्याचा येते ते दुसरं हाये," काकाजी म्हणे. "या गॅसले वास नाही."

मंग तथीच पायऱ्यावर बसून त्यायनं सांगतलं. मी जसं समजलं तसं सांगते.

हा तलाव उथळ, म्हणून बुडबुडे वर आले. तथी समुद्र इतका खोल का चिखलदऱ्याचा डोंगर त्यात उभा केला तरी शेंडा दिसणार नाही. सूर्य तथी कधीच पोचला नाही, जवापासून जग हाये तवापासून. त्या अंधारात तळाले भेगा हायेत, अन् भेगातून ही गॅस निघत राह्यते. अन् तथी जीव हायेत. डोळ्यानं न दिसणारे, गॅस खाऊन जगणारे. त्यायच्यावर जगणारे दुसरे, ते पांढरे, त्यायची चादरच्या चादर पसरते, वेचणीच्या वक्ताले कापसाची पराटी दिसते तशी. मंग शिंपले. खेकडे. अन् एक अळी, हातभर लांब, नळीत राह्यते, तिले तोंड नाही, पोट नाही.

"मंग खाते कशी?"

"तिच्या आंगातच ते बारके जीव राह्यतात. ते आतल्या आत तिले भरवतात. तुही पोरगी पोटात होती तवा ती कोण्या तोंडानं खात होती?"

मी पोरीकडं पाह्यलं. ती त्या पोट्ट्याच्या शर्टाची गुंडी चावून राहिली होती. मले काय वाटलं ते सांगता येत नाही. इतक्या खाली, इतक्या अंधारात, कोणीतरी कोणाले आतून भरवून राहिलं हाये, अन् वर माह्या नवऱ्याचं जहाज हाये अन् तो तथी भाजीले फोडणी देऊन राहिला.

"हे सारे खालीच गॅस खाऊन टाकतात," काकाजी म्हणे, "जे सुटते ते वर येता येता पाण्यात जिरते. पृष्ठभागालोक सहसा पोचतच नाही. ते खाणारे नसते तर ती हवेत येती, अन् आपला वऱ्हाडातला उन्हाळा अजून तापता."

"मंग भेवाचं कायले?"

काकाजी बांबूची माती पाण्यात धुवत राह्यले.

"समुद्र तापून राहिला बाई. तळचा बर्फ सुटला तर गॅस जास्त निघन. खाणारे खातीन, पण खाता खाता पाण्यातली हवाबी सरवतीन. अन् गॅस पचली का पाणी आंबट होते. ज्या मासोईले पळता येते ते पळते. जिले पळता येत नाही ते तथीच गुदमरते. शिंपल्याचं कवच पातळ होते, तू अंडं लिंबाच्या रसात ठेवून पाह्य, तसं. म्या तशा जागा पाह्यल्या. भेगेच्या मधात काहीच नाही, काळं, मरेल. अन् हातभर बाजूले शिंपल्याची गर्दी. जीव देते ती हीच गॅस, जीव घेते तीबी हीच, किती निघून राहिलं त्यावर." मंग म्हणे, "जहाजाले काही नाही होत. जहाजाखालच्यायले होते. भेवाचं असन तर त्यायच्यासाठी भे."

त्या दिवशी मी झोपली.

मंग कैऱ्या आल्या अन् माह्या सासूबाई आल्या. त्यायले मी आत्याबाई म्हणते. बार्शीटाकळीहून कैऱ्याची थैली घेऊन आल्या, का पोराले लोणचं पाठवाचं, जहाजावर काय खात असन बिचारा. अकोल्याचा एक जण त्याच जहाजावर जाऊन राहिला होता, त्याच्या संगं. मी पोरीले डोस द्याले दवाखान्यात गेली. वापस आली तर गच्चीवर आत्याबाई परातीत राखुंडीनं बरणी घासून राहिल्या होत्या. बाजूले ओला बारदाना पडेल.

मी पोरीले खाली ठेवलं.

"आत्याबाई, हे काय केलं?"

"काय केलं? एवढी चांगली जाड काचेची बरणी, त्यात काळा चिखल भरून ठेवला मेला. बाकीच्या रंगाच्या होत्या, म्हटलं त्या कामाच्या असतीन. हेच एक सडेल होती. म्हटलं मालकाच्या घरी बाई नाही, कोण धुईन?"

"चिखल कुठी हाये?"

"मोरीत."

मले समजे ना काकाजीले कसं सांगू. सांगाची वेळच आली नाही, ते बारदान्यावर पाणी टाकाले वर आलेच. बरणीकडं पाह्यलं. ती चकचक करून राहिली होती, उन्हात. मोरीपाशी गेले, वाकून पाह्यलं, तथी नुसतं करडं पाणी. मंग टाकीच्या सावलीत, बरणीच्या जागेवर, स्वतःच जाऊन बसले.

आत्याबाई घाबरल्या. मले हळूच म्हणे, "का होतं व त्यात?"

"जीव होते, समुद्राचे."

"अवं माय." त्या मुंगीवर पाय देत नाहीत. तशाच राखीच्या हातानं काकाजीपुढं जाऊन उभ्या राह्यल्या. "भाऊ, मले मालूम नव्हतं. जीव असते तर म्या हात लावला नसता. हे एवढंच उरलं पाहा, पोरीले खेळाले ठेवलं होतं." अन् वाटी पुढं केली.

मी पोरीच्या आंधी वाटीकडं धावली, मले घशाचंच भेव. वाटीत शिंपले होते. पांढरे, चुन्यासारखे, नखाएवढे. गाळ वाहून गेला अन् हे परातीच्या बुडाले राह्यले होते.

काकाजीनं एक उचलला. मंग दुसरा. दुसरा इतका पातळ का कांद्याच्या टरफलासारखा, त्यातून त्यायचं बोट दिसून राहिलं होतं. मंग माह्या तळहातावर दोन्ही ठेवले, जाड एक, पातळ एक.

"एकाच जागचे हायेत," म्हणे. "हा जाड, सुखात वाढला. हा पातळ, याच्या वक्ताले पाणी आंबट झालं. इतके वर्ष म्या हे राखलं अन् आत हे हाये ते मले मालूमच नव्हतं. गाळ काढला तवा घाईत, मंग उघडलं नाही, मरतीन म्हणून."

अन् हासले. डोळ्यात पाणी अन् हासून राहिले. आत्याबाईले म्हणे, "बाई, तुमी धुतलं म्हणून दिसलं."

"मंग मघापासून तोंड पाडून काहून बसले होते?" आत्याबाई म्हणे, अन् त्याच बरणीत कैऱ्याच्या फोडी भरल्या. काकाजीनंच झाकण लावलं, घट्ट, जसं ते लावत.

पंधरवड्यानं याइचा फोन आला. म्हणे जहाज काठाले लागून राहिलं, सायेब विचारतात उतरतो का अजून एक खेप करतो. त्याच जागेवर जाणार हायेत, जिथून लय गॅस निघते. "तू म्हणशीन तसं. उतर म्हटलं तर उतरतो." मी किती दिवसाची वाट पाहत होती त्या शब्दाची. तोंडात आला होता. काकाजी पायऱ्यावर संत्र सोलून राहिले होते, त्यायनं माह्याकडं पाह्यलंबी नाही.

म्या विचारलं, "खाली काय दिसते?"

"खाली? तथी पडद्यावर दाखवतात. चहा द्याले जातो तवा पाह्यतो. पांढरं असते, कापसासारखं. बुडबुड्याची ओळ निघते, माळेसारखी."

"ते वर येतात का?"

"कोण?"

"बुडबुडे. जहाजालोक येतात का?"

"नाही व. म्या कधी पाह्यले नाही. मधातच सरतात."

म्या म्हटलं, "राहा मंग. पण पाहत जा. अन् मले सांगत जा."

मंग ते समुद्रात गेले अन् फोन बंद झाला. तथी टॉवर नसते, हे मले मालूम होतं, आंधीच्या खेपेलेबी नव्हता. पण आता मी स्वतः राहा म्हटलं होतं. पोरगी पाय टाकाले शिकली, अन् मी टाळ्या वाजवता वाजवता रडली. काकाजीनं ते येतीन म्हटलं नाही, काही होत नाही म्हटलं नाही. पण रोज सकाळी ते आमच्या खोलीच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसत, जिथं कधी बसत नव्हते. संत्र सोलत, फोडी पोरीच्या हातावर ठेवत, बिया काढून, कारण मले बियाचं भेव हे त्यायले मालूम होतं. दोन शिंपले त्यायच्या खिशात राहत. मी जास्त रडली का ते काढून माह्यापुढं ठेवत, अन् मी पाहत राहो. एवढ्याशा जिवानं तथी, त्या अंधारात, आंबट पाण्यात, घर बांधलं होतं.

एक दिवस खाली आटो थांबला. हे उतरले. काळे पडले होते, दाढी वाढेल. पोरीनं वयखलंच नाही, काकाजीच्या धोतरामागं लपली. याइनं आंधी बॅग नाही उतरवली, कांबळीत गुंडाळेल एक वस्तू उतरवली, दोन्ही हातानं.

आत्याबाईनं लोणचं घालून पाठवेल तीच बरणी. लोणचं नाही. गाळ, करडा-काळा, वर बोटभर पाणी.

"सायेबाले म्हटलं काकाजीची सांडली," हे म्हणे. "त्यायनं त्याच जागचा देला. जहाजावर थंड्या पेटीत ठेवला होता."

काकाजीनं बरणी घेतली. झाकणापाशी नाक नेलं. एकदा, दोनदा. मंग वर पाह्यलं.

"याले लोणच्याचा वास येऊन राहिला."

"कितीदा धुतली काकाजी. मेथी अन् मोहरी, जातच नाही."

मले वाटलं आता गेलं, नमुना खराब झाला म्हणतीन. काकाजी बरणी उजेडात धरून पाहत राह्यले. मंग म्हणे, "खातीन बा. तथी काहीच नसते तरी खातात, त्यायले तुह्या मायची मोहरी कायले जड होईन."

ते गच्चीवर गेले, टाकीच्या सावलीत बरणी ठेवली, बारदाना ओला केला. पोरगी त्यायच्या मागं डुलत डुलत गेली अन् काचेले नाक लावून उभी राह्यली. मी तिले वढली नाही. मीबी वाकली. गाळातून एक बुडबुडा निघाला, पाण्यात चढला, अन् झाकणाखाली जाऊन चिकटून राह्यला. आमच्या खोलीतून बादलीत पाणी पडाचा आवाज येऊन राहिला होता. हे आंघोळ करून राहिले होते.